डॅडी यांकीने नेमके काय केले?

सप्टेंबर २०२५ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यातील मध्यंतराच्या कार्यक्रमासाठी बॅड बनी या पोर्तो रिकन गायकाचे नाव जाहीर झाले आणि अमेरिकेत वादाला तोंड फुटले. जवळजवळ सगळी गाणी स्पॅनिशमध्ये गाणारा माणूस या व्यासपीठावर कशाला, असा एका बाजूचा सूर होता; जगात सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गायकांपैकी एकाला बोलावले तर त्यात आश्चर्य ते काय, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. आपल्याकडच्या बातम्यांतही हा वाद आला, मात्र ‘लॅटिन अर्बन’ (स्पॅनिश रॅप, रेगेटॉन अशा संगीताचे एकत्रित नाव), ‘रेगेटॉन’ हे शब्द फारसा खुलासा न करता वापरले गेल्यामुळे हे संगीत कोठून आले आणि त्यावरून अमेरिकेतील लोक एवढे का चिडतात, हे अनेक वाचकांना कळले नसावे.

ते समजून घ्यायचे तर बॅड बनीच्या आधीच्या पिढीकडे जावे लागते. तो आज जेथे उभा आहे तेथवरची वाट ज्यांनी पाडली, त्यांत डॅडी यांकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रामोन आयाला याचे स्थान फार वरचे आहे. त्याला रेगेटॉनचा राजा म्हणतात, क्वचित जनकही म्हणतात. पहिले विशेषण कौतुकाचे आहे, त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. दुसरे मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. हे संगीत त्याने निर्माण केले नाही. त्याने जे केले ते वेगळे आहे, आणि माझ्या मते अधिक अवघड आहे.

अमेरिकेच्या ताब्यातले स्पॅनिश बेट

कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको हे बेट १८९८ च्या युद्धानंतर स्पेनकडून अमेरिकेकडे गेले आणि १९१७ मध्ये तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. परंतु ते अमेरिकेचे राज्य नाही. बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात बेटाचा जो एक प्रतिनिधी बसतो त्याला विधेयकांवरील अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. घरात, शाळेत आणि बाजारात भाषा स्पॅनिशच आहे. बॅड बनीला परका ठरवणाऱ्यांना म्हणूनच वारंवार आठवण करून द्यावी लागते, की तो जन्माने अमेरिकेचा नागरिक आहे.

नागरिकत्वामुळे न्यूयॉर्कला जायला व्हिसा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो पोर्तो रिकन लोक तेथे गेले आणि बेटाशी त्यांची ये-जा चालू राहिली. १९७० च्या दशकात ब्राँक्स भागात हिप-हॉप आकाराला आले, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांच्या बरोबरीने पोर्तो रिकन मुलेही त्यात होती. रॅपच्या कॅसेटी सान हुआन या बेटाच्या राजधानीला पोहोचायला वेळ लागला नाही. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या आणि सान हुआनमध्ये वाढलेल्या विको सी या तरुणाने १९८० च्या दशकात स्पॅनिशमध्ये रॅप करून दाखवले आणि हे आपल्या भाषेतही जमते, हा विश्वास बेटावरच्या मुलांना दिला.

ही मुले प्रामुख्याने कासेरिओंमध्ये राहणारी होती. कासेरिओ म्हणजे सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या, एकाच नमुन्याच्या इमारतींच्या वसाहती. सान हुआनमधील व्हिया केनेडी ही त्यांपैकी एक, आणि रामोन तेथेच वाढला. त्याचे वडील साल्सा वाद्यवृंदांत बोंगो वाजवत, म्हणजे लय घरातच होती. मुलाचे लक्ष मात्र बेसबॉलकडे होते. सिएटल मरिनर्स या अमेरिकेतील व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीपर्यंत त्याची मजल गेली होती.

तो ठेका आणि त्याचा प्रवास

रेगेटॉन म्हणजे स्पॅनिश रॅप आणि गायन, जमैकाच्या डान्सहॉल संगीतातून आलेल्या एका विशिष्ट ठेक्यावर बसवलेले. या ठेक्याला डेमबो म्हणतात. तो ओळखण्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही. सारख्या गतीने एक ते आठ मात्रा मोजत राहा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टेबलावर तळव्याने जड थाप द्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर बोटाने कोरडी टिचकी मारा. दोन-तीन आवर्तने झाली, की गेल्या वीस वर्षांतील कितीतरी गाणी त्यावर आपोआप बसू लागतील. पहिली, चौथी आणि सातवी मात्रा सलग ऐकली तर तीन, तीन, दोन अशी विभागणी कानाला जाणवते. गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर ही विभागणी कॅरिबियन बेटांवर पोहोचली आणि क्यूबापासून त्रिनिदादपर्यंत तिची अनेक रूपे आढळतात.

जमैकातील एक रीत येथे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तीत आहे. आपल्याकडे प्रचलित आरतीच्या किंवा लोकगीताच्या चालीवर कोणी नवे शब्द रचले तर त्याला चोर म्हणत नाहीत. चाल सगळ्यांची असते. जमैकात चालीच्या जागी वाद्यांची ध्वनिमुद्रित साथ अशा रीतीने वापरली जाते. निर्माता एक साथ तयार करतो, तिला रिदिम म्हणतात, आणि त्याच साथीवर दहा गायक दहा वेगळी गाणी गातात. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ मध्ये अशीच एक साथ तयार केली. पुढच्याच वर्षी, त्याच वळणाच्या ठेक्यावर, शाबा रँक्स या गायकाचे ‘डेम बो’ हे गाणे आले आणि ठेक्याला त्या गाण्याचे नाव चिकटले.

तेथून स्पॅनिशकडे येण्याचा रस्ता पनामामधून जातो. १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने पनामा कालवा खोदला, तेव्हा मजुरीसाठी बार्बाडोस, जमैका आणि इतर बेटांवरून हजारो कृष्णवर्णीय कामगार तेथे गेले. त्यांच्या वंशजांनी जमैकाच्या संगीताशी नाते टिकवले आणि पुढे रेगे स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली. नांदो बूम आणि एल हेनेराल ही त्यांतील प्रमुख नावे. त्यांची बरीच ध्वनिमुद्रणे न्यूयॉर्कमध्ये, जमैकन आणि पनामी कलावंतांच्या एकत्र कामातून झाली. तेथे नव्याने बांधलेल्या साथी सान हुआनच्या डीजेंच्या हाती लागल्या आणि त्यांनी त्या हिप-हॉपच्या तुकड्यांशी जोडल्या. जमैका, पनामा, न्यूयॉर्क आणि पोर्तो रिको अशा चार ठिकाणी या संगीताची बांधणी झाली आहे, त्यामुळे एकच जनक शोधायला निघालेला माणूस हात हलवत परत येतो.

कॅसेटी, पोलीस आणि एक गोळी

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डीजे प्लेयेरो सान हुआनमध्ये ज्या कॅसेटी तयार करत असे, त्यांवर आजच्यासारखी सुटी गाणी नसत. साथ अखंड चालू राहायची, मध्येच बदलायची, आणि कासेरिओतील मुले एकामागून एक ध्वनिवर्धक हातात घेऊन आपापल्या ओळी म्हणायची. प्रतीवरून प्रत काढली जायची आणि कॅसेट हातोहात पसरायची. या संगीताला तेव्हा ‘अंडरग्राउंड’ म्हणत. रेगेटॉन हे नाव रुळायला अजून अवकाश होता. प्लेयेरोच्या या कॅसेटींमधून डॅडी यांकी हा कोवळा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. त्याची बोलण्याची गती विलक्षण होती, आणि इतक्या वेगातही शब्द तुटत नसत.

अशाच एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी, मधल्या सुट्टीत तो बाहेर आला असताना वसाहतीत गोळीबार झाला आणि एके-४७ रायफलीची एक गोळी त्याला लागली. तेव्हा तो सतरा वर्षांचा असावा. बरे व्हायला वर्षभराहून अधिक काळ गेला. ती गोळी डॉक्टरांनी काढली नाही, ती आजही त्याच्या शरीरात आहे. बेसबॉल तेथेच संपला. संगीताकडे पूर्ण वेळ वळण्याचे श्रेय तो स्वतः त्या गोळीला देतो. अशा कथा कलावंतांच्या चरित्रांत पुष्कळदा नंतर सजवल्या जातात हे मान्य आहे, पण या प्रसंगाचा परिणाम त्याच्या चालण्यापासून व्यवसायापर्यंत सगळीकडे दिसत राहिला.

त्याच सुमारास बेटाचे गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांनी गुन्हेगारीविरुद्ध कठोर मोहीम उघडली होती. १९९३ पासून नॅशनल गार्ड या राखीव दलाचे सैनिक कासेरिओंमध्ये शिरले, वसाहतींभोवती कुंपणे आणि फाटके उभी राहिली. १९९५ मध्ये पोलिसांनी सान हुआनमधील ध्वनिफितींच्या दुकानांवर छापे घालून अंडरग्राउंडच्या कॅसेटी अश्लील म्हणून जप्त केल्या. डॅडी यांकीचा पहिला स्वतंत्र अल्बमही त्याच वर्षीचा. २००२ मध्ये तर सिनेटर व्हेल्डा गोन्झालेस यांच्या पुढाकाराने या संगीतावर आणि त्याच्या नाचावर सिनेटमध्ये सुनावणी झाली. बंदीचा एरवी होतो तोच परिणाम येथेही झाला आणि ज्या घरांत हे संगीत कधी पोहोचले नसते तेथे ते कुतूहल म्हणून पोहोचले.

२००४ : ‘बार्रिओ फिनो’

२००० नंतरच्या तीन-चार वर्षांत बेटावर एकाच वेळी अनेक प्रतिभावंत उदयाला आले. तेगो काल्देरोनने ‘एल अबायार्दे’ या अल्बममध्ये बोम्बा या पोर्तो रिकोच्या आफ्रिकी परंपरेतील संगीताला रॅपशी जोडले. डॉन ओमारचा खर्जातला आवाज गाजत होता, आणि आयव्ही क्वीन ही गायिका पुरुषांच्या या गर्दीत स्वतःचे राज्य चालवत होती. शब्दकळेच्या कसोटीवर तेगो हा डॅडी यांकीपेक्षा थोर कवी आहे, असे म्हणणारे अनेक जाणकार भेटतात आणि मलाही ते पटते.

मग बाहेरच्या जगाचे दार उघडले ते यांकीने, हे कसे? याचे उत्तर जुलै २००४ मध्ये आलेल्या ‘बार्रिओ फिनो’ या अल्बममध्ये आहे. त्यातील अनेक गाण्यांची निर्मिती लुनी ट्यून्स या डोमिनिकन वंशाच्या दोन तरुणांच्या जोडीने केली होती. अंडरग्राउंडच्या काळात साथ खरखरीत आणि जोडजोड केलेली असे. लुनी ट्यून्सने तिला स्वच्छ, भरीव आणि नाट्यमय रूप दिले. ठेका तोच, पण त्यावर सिंथेसायझरचे लक्षात राहणारे तुकडे, मध्येच सगळे थांबवून पुन्हा सुरू होणारी तालवाद्ये, आणि प्रत्येक गाण्याला स्पष्ट ध्रुवपद. रेडिओवर वाजण्यासाठी लागतो तो सगळा बांधेसूदपणा त्यात होता.

‘गासोलिना’ हे त्यातील गाणे जवळून ऐकण्यासारखे आहे. पुरुषांचा आवाज एक ओळ म्हणतो, की तिला पेट्रोल आवडते. लगेच स्त्रीचा आवाज उत्तर देतो, की आणखी दे. सवाल आणि जवाब, पुन्हा सवाल, पुन्हा जवाब. भाषा येत नसलेल्या माणसालाही दुसऱ्या आवर्तनापासून जवाबात सामील होता येते आणि नाचणाऱ्या गर्दीला आणखी काही लागत नाही. मध्ये यांकीचा वेगवान रॅप येतो, पण ध्रुवपद कधी फार दूर जात नाही. गाण्यातील पेट्रोलचा अर्थ काय, यावर राजकारणापासून अमली पदार्थांपर्यंत नाना तर्क लढवले गेले. यांकीचे म्हणणे मात्र साधे आहे, की मौजमजेसाठी गाड्यांतून भटकायला आवडणाऱ्या मुलींवरचे हे गाणे आहे. त्याच्या सहलेखकांत एडी डी हा जुना रॅपर होता, आणि जवाबाचा तो आवाज ग्लोरी या गायिकेचा होता. साऱ्या जगाला तो आवाज पाठ झाला, तिचे नाव मात्र गाण्याच्या श्रेयावर छापले गेले नाही.

‘बार्रिओ फिनो’ने बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लॅटिन अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर प्रवेश केला, हा मान मिळवणारा तो पहिला रेगेटॉन अल्बम. ‘गासोलिना’ अमेरिकेतील गाण्यांच्या मुख्य यादीत ३२ व्या आणि ब्रिटनमध्ये ५ व्या क्रमांकापर्यंत गेले. अमेरिकेतील रेडिओ कंपन्यांना जाग आली. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही बोलणाऱ्या तरुण स्थलांतरितांसाठी वेगळ्या वाहिन्या काढण्याची घोषणा क्लिअर चॅनलने त्याच काळात केली आणि काही शहरांतील जुनी केंद्रे रातोरात रेगेटॉनकडे वळली. २००६ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत यांकीचे नाव आले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ‘गासोलिना’चा समावेश केला. तेथे पोहोचलेले ते पहिले रेगेटॉन गाणे आहे.

इंग्रजीत न गाण्याचा निर्णय

त्या काळी लॅटिन कलावंतासमोर ठरलेला मार्ग असे. स्पॅनिशमध्ये नाव कमवायचे, मग इंग्रजी अल्बम काढून अमेरिकेची मुख्य बाजारपेठ गाठायची. रिकी मार्टिनने १९९९ मध्ये आणि शकीराने २००१ मध्ये हेच केले, आणि यशस्वीपणे केले. यांकीने अधूनमधून इंग्रजी गायकांना आपल्या गाण्यांत बोलावले, स्वतः काही इंग्रजी ओळी म्हटल्या, पण इंग्रजी अल्बमच्या वाटेला तो गेला नाही. त्याच्या स्पॅनिशमध्येही कासेरिओतील बोली, गिळलेली अक्षरे आणि स्थानिक शब्द तसेच राहिले. माद्रिदच्या श्रोत्यालाही काही शब्द विचारून घ्यावे लागत. पुढच्या पिढीसाठी हा दाखला फार मोलाचा ठरला. आपण जसे बोलतो तसेच गाऊन जगभर जाता येते, हे बॅड बनीला नव्याने सिद्ध करावे लागले नाही.

दुसरा निर्णय मालकीचा होता. अंडरग्राउंडच्या काळात मोठ्या कंपन्या या संगीताकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या. यांकीने एल कार्तेल रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी उभी केली, गाणी तिच्या नावावर ठेवली आणि मोठ्या कंपन्यांशी पुढे जे करार केले ते वितरणासाठी, भागीदार म्हणून. २००५ नंतर इंटरस्कोपशी झालेला करार याच प्रकारचा होता. गाण्याची मूळ ध्वनिफीत ज्याच्या मालकीची, त्याच्याकडे प्रत्येक वाजवण्यामागे पैसा येतो. गायकाने ती आधीच विकली असेल तर त्याला ठरलेला वाटा तेवढा मिळतो. हा फरक तरुण कलावंतांना बहुधा उशिरा कळतो. २०२४ मध्ये काँकॉर्ड या कंपनीने यांकीच्या संगीताचे काही हक्क विकत घेतले, तेव्हा व्यवहाराचा आकडा सुमारे २१.७ कोटी डॉलर सांगितला गेला. विकण्यासारखे काही त्याच्या हाती उरले होते, याचे कारण तो वीस वर्षांपूर्वीचा हट्ट.

ओहोटी आणि ‘देस्पासितो’

२००८ च्या सुमारास रेगेटॉनची लाट ओसरली. सारखीच गाणी निघू लागली, वाहिन्या बंद पडल्या किंवा दुसरीकडे वळल्या. बरेच गायक मागे पडले. यांकीने गाण्यांची गती वाढवली, नृत्यसंगीताशी हातमिळवणी केली आणि टिकून राहिला. त्या काळातील त्याची सगळी गाणी काही ऐकवत नाहीत. दरम्यान कोलंबियातील मेडेयिन शहरात जे. बाल्विन, कारोल जी यांची पिढी तयार झाली. त्यांनी रेगेटॉन मवाळ, गोड आणि रेडिओला अधिक सोयीचे केले, आणि यांकीला आपला आदर्श मानले.

जानेवारी २०१७ मध्ये लुईस फोन्सी या पोर्तो रिकन गायकाचे ‘देस्पासितो’ आले. त्यात यांकीचा सहभाग होता, त्याचा भाग त्यानेच लिहिला होता. आणि गाण्याची सहलेखिका एरिका एंडर ही पनामाची. एप्रिलमध्ये जस्टिन बीबरने त्याच्या नव्या आवृत्तीत आवाज दिला आणि गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तेव्हाच्या विक्रमाशी ती बरोबरी होती. मुख्यतः स्पॅनिशमध्ये असलेले गाणे या स्थानी पोहोचण्याची १९९६ च्या ‘माकारेना’नंतरची ही पहिलीच वेळ. सान हुआनच्या ला पेर्ला या समुद्रकाठच्या गरीब वस्तीत चित्रित झालेला त्याचा व्हिडिओ ऑगस्ट २०१७ पासून तीन वर्षांहून अधिक काळ यूट्यूबवर सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ होता. आपल्याकडेही शब्द न कळता ते कितीजणांनी गुणगुणले असेल. खरे सांगायचे तर ‘देस्पासितो’ हे रेगेटॉन कमी आणि पॉप अधिक आहे. परंतु ते आले त्या वेळी श्रोता रेडिओच्या मर्जीवर अवलंबून राहिला नव्हता. मेक्सिको, ब्राझील, स्पेन येथील मोबाइलवर काय वाजते याची मोजणी आता थेट जागतिक आकड्यांत होत होती. त्याच वर्षी स्पॉटिफायवर जगात सर्वाधिक ऐकला जाणारा कलावंत होण्याचा मान यांकीला मिळाला, आणि कोणाही लॅटिन कलावंताला तो त्याआधी मिळाला नव्हता.

मग अश्लीलतेच्या आरोपाचे काय?

आरोप निराधार नाही. परेओ हा रेगेटॉनचा नाच शरीराला शरीर लावून केला जातो, आणि अनेक गाण्यांत स्त्री ही पाहण्याची वस्तू एवढीच उरते. यांकीची गाणी यातून सुटत नाहीत. मात्र या संगीतातील स्त्रियांनी हे मुकाट्याने सहन केले असेही नाही. आयव्ही क्वीनच्या २००३ च्या ‘किएरो बायलार’ या गाण्यात नायिका बजावते, की मी तुझ्याबरोबर नाचते आहे म्हणजे तुझ्याबरोबर शय्येवर येणार आहे असे समजू नकोस. संमतीचा मुद्दा इतक्या थेट शब्दांत मांडणारे दुसरे गाणे त्या वर्षांत शोधावे लागेल.

शिवाय या नाचाचा अर्थ काळाबरोबर बदलत गेला. २०१९ च्या जुलैमध्ये गव्हर्नर रिकार्डो रोसेयो यांच्या राजीनाम्यासाठी पोर्तो रिकोमध्ये प्रचंड आंदोलन झाले. बॅड बनी, रेसिदेन्ते हे कलावंत रस्त्यावर उतरले, आणि जुन्या सान हुआनमधील कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर तरुण-तरुणींनी निषेध म्हणून परेओ केला. रिकार्डो हे पेद्रो रोसेयो यांचे पुत्र. ज्यांच्या कारकिर्दीत कॅसेटी जप्त झाल्या, त्यांच्या मुलाला खाली खेचणाऱ्या गर्दीचे संगीत तेच होते.

आणि श्रेय कोणाला मिळाले?

हा आक्षेप मला अश्लीलतेपेक्षा वजनदार वाटतो. रेगेटॉन जमैका आणि पनामाच्या कृष्णवर्णीयांकडून आणि कासेरिओंतील आफ्रिकी वंशाच्या मुलांकडून आले, पण जसजसा पैसा वाढला तसतसे पोस्टरवरचे चेहरे उजळ होत गेले. तेगो काल्देरोन हे वर्षानुवर्षे बोलत आला आहे. पुरस्कार देणाऱ्या संस्थांची वृत्तीही पाहण्यासारखी आहे. २०१९ मध्ये लॅटिन ग्रॅमी या लॅटिन संगीतासाठीच्या पुरस्कारांच्या मुख्य विभागांतून रेगेटॉन जवळपास वगळले गेले, तेव्हा ‘रेगेटॉनशिवाय लॅटिन ग्रॅमी नाही’ अशी मोहीम कलावंतांनी चालवली. यांकी तीत अग्रभागी होता, आणि त्याला स्वतःला त्या वर्षी नामांकन होते.

मार्च २०२२ मध्ये ‘लेजेंडॅडी’ या अल्बमबरोबर त्याने निवृत्ती जाहीर केली. जगभरच्या निरोपाच्या दौऱ्यानंतर डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला सान हुआनमधील अखेरच्या कार्यक्रमात, यापुढचे आयुष्य ख्रिस्ताच्या सेवेत घालवणार असल्याचे त्याने हजारो श्रोत्यांसमोर सांगितले. २०२५ मध्ये तो श्रद्धेचा आशय असलेली गाणी घेऊन परत आला. ठेका बदललेला नाही.

ठेक्याची मालकी

२०२१ मध्ये स्टीली आणि क्लीव्ही यांच्या बाजूने कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. स्टीली २००९ मध्ये वारला होता. त्याचे वारस आणि क्लीव्ही यांचे म्हणणे असे, की १९८९ ची त्यांची साथ हाच रेगेटॉनचा पाया आहे आणि तिचा मोबदला त्यांना कधी मिळाला नाही. दावा वाढत वाढत सुमारे १,८०० गाण्यांपर्यंत आणि दीडशेहून अधिक प्रतिवादींपर्यंत गेला. त्यांत डॅडी यांकीही आहे. प्रतिवादींचा युक्तिवाद असा, की ठेका ही कोणाची मालमत्ता असू शकत नाही. स्वररचना आणि शब्द यांना कायद्याचे संरक्षण मिळते, तालाला नाही. मे २०२४ मध्ये न्यायालयाने हा दावा सुरुवातीलाच फेटाळण्याची प्रतिवादींची मागणी अमान्य केली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जमैकात साथ सामाईक असे, कारण तेथे सगळेच एकमेकांची वापरत आणि मिळकत थोडी असे. तीच साथ परदेशात जाऊन अब्जावधींचा व्यवसाय उभा राहिला, तेव्हा सामाईकपणाचा फायदा एकाच बाजूला झाला. उलट, दावा पूर्णपणे मान्य झाला तर तीन, तीन, दोन या कोणाही एकाच्या नसलेल्या विभागणीभोवती कुंपण पडेल, आणि आज एखाद्या कासेरिओत पहिले गाणे करणाऱ्या मुलाला आधी वकील शोधावा लागेल. स्वतःच्या गाण्यांची मालकी कोणाला न देण्यासाठी जो कलावंत ओळखला गेला, त्याला आता त्या गाण्यांच्या तळाशी असलेल्या आठ मात्रा सर्वांच्या आहेत, असे न्यायालयात सांगावे लागत आहे.